सत्यवतीची आषाढातली रजा

डॉक्टरीणबाईंनी अवसेची तारीख दिली तेव्हा सत्यवतीला बरंच वाटलं. अवसेला पोट फाडून घ्यायला कोण तयार होत नाही, म्हणून खाट मोकळी होती. आणि दुसऱ्या दिवशी आषाढ लागत होता. बंगळुरात आषाढ म्हणजे लग्न नाही, मुंज नाही, घरभरणी नाही. होळिगे-पोळीच्या धंद्याला मेलेला महिना. रजा मागायची तर ह्याच महिन्यात मागावी.

"सहा आठवडे घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गर्भपिशवी काढायची म्हणजे खेळ नाही. उकिडवं बसायचं नाही, शेगडीपुढं उभं राहायचं नाही, वजन उचलायचं नाही."

"घागर?"

"तांब्या. भरलेला तांब्या, बस्स."

"आन् पुरणाचं पातेलं?"

"किती किलोचं?"

"वीस असंल."

"मग टाके घालायला परत माझ्याकडंच या. तुमची खाट राखून ठेवते."

सत्यवती हसली. घरी येऊन तिनं कॅलेंडर भिंतीवरनं खाली काढलं आणि बोटानं दिवस मोजले. आषाढातले तीस, श्रावणातले बारा. बेचाळीस दिवस भरत होते ते वरमहालक्ष्मीच्या शुक्रवारच्या अलीकडच्या बुधवारी. त्या शुक्रवारी निम्म्या बंगळुराला होळिगे लागते. म्हणजे मरायची गर्दी सुरू व्हायच्या तोंडावर ती उभी. देवानंच हिशोब जुळवून दिला म्हणायचा. फक्त एकच गाठ होती, आणि ती पोटातल्या गाठींपेक्षा अवघड होती.

सत्यवती चिकोडीकडची. लग्न होऊन गुंडोच्या मागं बंगळुरात आली आणि के. आर. पुरमला रेल्वेच्या पलीकडं दोन खोल्यांत राहिली. गेली बारा वर्षं ती चिकपेटच्या मागच्या गल्लीत कृष्णमूर्ती अण्णांच्या होळिगेच्या भटारखान्यात कामाला. होळिगे म्हणजे आपली पुरणपोळीच, पण आपण ती लाटण्यानं लाटतो आणि ही माणसं तेलाच्या हातानं कागदावर थापतात. पहिले सहा महिने सत्यवतीनं थापलेल्या पोळीला मनसोक्त नावं ठेवली. "ही काय पोळी? गोवऱ्या थापल्यागत!" म्हणायची. मग तिचाच हात असा बसला, की पोळीतनं पलीकडचा माणूस दिसावा.

भटारखान्यात तवे दोन. एक विक्रीचा, एक नैवेद्याचा. देवळांच्या आणि पूजेच्या घरांच्या ऑर्डरी नैवेद्याच्या तव्यावर. सातजणी बाया, आणि नियम अण्णांच्या आईच्या काळापासनं चालत आलेला: कावळा शिवला की चार दिवस घरी. पगार कापून. तोंडानं सांगायचं नाही. सांगितलं तर अण्णाच लाजून मरायचे. निघताना आपला एप्रन खुंटीवर उलटा टांगून जायचं, की सगळ्यांना समजलं.

तीन वर्षांपूर्वी सत्यवतीला महिन्यातनं दोन-दोनदा जायला लागलं. एकेकदा आठ-दहा दिवस. एप्रन उलटाच राहायला लागला. चार दिवसांचे चौदा झाले. अण्णा काही बोलले नाहीत, पण एका सकाळी देवनहळ्ळीकडची एक नवी बाई कणीक मळताना दिसली. सत्यवतीनं तिच्याकडं बघितलं, तिच्या हाताकडं बघितलं. हात चांगला होता. त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत सत्यवतीनं सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, "माझी तर गेली बाई एकदाची. सुटले."

तेव्हा तिला एकेचाळिसावं चाललं होतं.

"नशिबाची हायस," बाया म्हणाल्या. नैवेद्याचा तवा तोवर कस्तुराबाईकडं. ही बंगळुरातच जन्मलेली म्हातारी, अण्णांच्या आईच्या हाताखाली शिकलेली, तिची पाळी जाऊन वीस वर्षं झालेली. पण डोळे अधू झाले होते, पोळ्या करपायला लागल्या होत्या. महिन्याचे तीसच्या तीस दिवस उभी राहील अशी बाई पाहिजे होती. कस्तुराबाईनं स्वतः उलथनं सत्यवतीच्या हातात दिलं. पगार वाढला, बाया पाया पडायच्या बाकी राहिल्या. आणि सत्यवती त्या तव्यापुढं कापडाच्या दोन-दोन घड्या घेऊन, वर परकर, वर काळसर लुगडं नेसून तीन वर्षं उभी राहिली. गौरीला उभी राहिली, उगादीला उभी राहिली. घेरी आली की गुळाचा खडा तोंडात टाकायची. रक्त सातावर आलं तेव्हा दवाखाना गाठला.

आता त्या भटारखान्यात जाऊन गर्भपिशवीचं नाव कसं काढायचं? पाळी गेलेल्या बाईला कशाला पिशवी काढायची वेळ येईल, असं कुणीतरी विचारणारच. म्हणून ती अण्णांना म्हणाली, "पित्ताचे खडे झाल्यात. आपरेशन हाय."

अण्णांचा चेहरा एकदम खुलला. "एवढंच होय! माझ्या मेहुणीचं झालं की गं. तीन भोकं पाडतात नुस्ती. पाचव्या दिवशी बसून भजन म्हणत होती. तू दहा दिवस घे. आषाढच आहे."

"दहा?"

"स्वल्प जास्तच दिले, होय की नाही? विश्रांती घे."

पित्ताच्या खड्यांना बेचाळीस दिवस कोण देतं! सत्यवती बाहेर आली. संध्याकाळी तिनं नवा बेत केला: दहा दिवस अण्णांचे, त्याला जोडून दोन रविवार, मग गुंडोच्या आईला बरं नाही म्हणून पाच दिवस. तरी सतरा. सतरा दिवसांनी वीस किलोचं पातेलं.

स्मृती, तिची लेक, व्हाइटफिल्डच्या एका कंपनीत फोनवर बसते. तिनं तो बेत ऐकला आणि कपाळाला हात लावला. "आई, टाके आत असतात. दिसत नाहीत म्हणून नाहीत असं नसतं."

"तुझ्या टायमाला धाव्या दिवशी म्या पाणी भरलंय."

"म्हणून तर आता ही वेळ आलीय! त्यांना खरं सांग ना. गर्भाशय काढतायत म्हटल्यावर सहा आठवडे द्यावेच लागतील."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मग मला कळेल असं सांग."

सत्यवतीनं सांगितलं. बारा वर्षांत घरी कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. स्मृती ऐकून हसायलाच लागली. "एवढंच? अगं, देवाला काय फरक पडतो?"

"देवाचं देव बघंल. मी कस्तुराक्काचं बोलतीया."

आणि कस्तुराक्काच आडवी आली. ऑपरेशनला चार दिवस उरले होते. पीठ चाळता चाळता म्हातारी म्हणाली, "आम्ही सगळ्या येतो गं तुला बघायला. तिसऱ्या दिवशी. कुठल्या मजल्यावर ठेवतात पित्तवाल्यांना?"

सत्यवतीच्या हातातली पोळी वाकडी झाली. त्या वॉर्डात शिरलं की दारातच पाळणाघरागत रडारड. एका बाजूला बाळंतिणी, दुसऱ्या बाजूला पिशव्या काढलेल्या. आंधळ्यालाही कळेल कुठं आलो ते. "कशाला तरास घेतासा अक्का," ती म्हणाली.

"तरास कसला? आपल्या माणसाला बघायला जायचं नाही तर कुणाला?"

त्या दिवशी सत्यवतीला सकाळपासनं जात होतं. तव्याच्या आचेनं डोळ्यापुढं काजवे चमकले, तिनं भिंत धरली. पातेलं उतरवायला दुसरी बाई धावली. सत्यवतीला तेवढ्यातच काय वाटलं कुणास ठाऊक. पदराला हात पुसत ती सरळ बाहेर अण्णांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"अण्णा, खडे न्हाईत. गर्भपिशवी काढायची हाय. सहा आठवडे पायजेत."

अण्णांनी पंख्याकडं बघितलं. मग पावतीबुकाकडं बघितलं. मग रस्त्यावरच्या रिक्षाकडं. "सरी, सरी," ते म्हणाले. "बरं, घे. सहा घे. सात घे. मला काही सांगू नकोस." आणि उठून बाहेर गेले. पंधरा दिवस ज्याला भ्याली ते काम पंधरा सेकंदांत झालं. लाजरा माणूस हिशोब मांडत नाही.

पण भटारखान्याला दार नव्हतं, नुस्ता पडदा होता. सत्यवती आत आली तेव्हा कणीक मळायचा आवाज बंद होता. कस्तुराबाई महिने मोजल्यागत एकेक बोट अंगठ्याला लावत होती.

"तुझी तर गेली होती," म्हातारी म्हणाली.

"न्हाई गेली."

"कधीपासनं न्हाई?"

"कधीच न्हाई, अक्का."

"गौरीला?"

सत्यवतीनं पदराला परत हात पुसले.

"देवळाच्या आठशे होळिगे केल्यास, तेव्हा?"

"नवी बाई आणली व्हती त्यांनी. म्या काय करायचं? महिन्यातले चौदा दिवस घरी बसून खायचं काय? उलटा एप्रन?"

"ते मला सांगतीस?" कस्तुराबाईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी उलथनं दिलं तुला. माझ्या हातानं. अण्णाच्या आईनं मला दिलेलं."

कोपऱ्यातली एकजण पुटपुटली, "बिचारी आजारी हाय अक्का, जाऊ दे की."

"आजारी हाय तर झोपू दे. सहा आठवडे नाही, साठ झोपू दे. मी काही अण्णाला सांगायला जात नाही."

सत्यवतीला वाटलं, मिटलं. ती पुढं झाली. "अवसेनंतर तर ती भानगडच मिटंल, अक्का. पिशवीच राहणार न्हाई. जन्मभर एप्रन उलटा टांगायला नगं."

"ते खरं." कस्तुराबाईनं कमरेला पदर खोचला आणि नैवेद्याच्या तव्यापुढं जाऊन उभी राहिली. "पुढचं खरं. मागचं कोण काढून टाकणार? त्याला कुठला दवाखाना?"

"म्हणजे मी परत यायचं न्हाई?"

"ये की. कणीक मळायला ये. विक्रीच्या तव्यावर ये."

"वरमहालक्ष्मीला हजार होळिगे तुमच्यानं व्हायच्या न्हाईत."

"नाही झाल्या तर नाही."

म्हातारीनं एक पोळी थापली. जाड झाली, कडेनं फाटली. ती तव्यावर टाकून तिनं डोळे बारीक केले, पण वाफेत तिला काय दिसत असेल ते तिलाच ठाऊक. बाकीच्या पाचजणी बघत उभ्या. पोळीच्या कडा तपकिरी झाल्या, मग काळ्या. गूळ करपल्याचा वास सुटला. सत्यवतीचा हात आपसूक उलथन्याकडं गेला.

"हात लावू नगंस," कस्तुराबाई म्हणाली.

सत्यवतीनं हात मागं घेतला. पोळी करपत राहिली. कुणी उलटली नाही.