उलटं आतडं आणि सरांच्या बाटल्या

प्रयोग जमला की वहीची दोन पानं भरतात. फसला की किस्सा होतो! पालघरच्या लॅबमधली माझी वही दिवाळीपर्यंत कोरीच राहिली, किस्से मात्र कपाटात मावेनात.

नुकतीच बी.एस्सी. होऊन मी संशोधनाला लागले होते. पेशीच्या पडद्यात काही प्रथिनं असावीत, ती होडीवाल्यासारखी अमिनो आम्लं आत-बाहेर नेतात, असा तेव्हाचा तर्क. मला ते माशाच्या आतड्यावर दाखवायचं होतं. पहिल्याच दिवशी सरांचं गचाळ अक्षर लागेना, म्हणून कपाटातल्या बाटल्यांवर मी नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. "जुन्या लोकांना टापटीप कशी ती नाही!" असं वर ऐकवलंही.

सर शांतपणे म्हणाले, "दिवाळीपर्यंत एक आतडं चालवून दाखव. नाहीतर टेबल सोड."

*

आतडं मोज्यासारखं उलटं करून, आत मिठाचं पाणी भरून, दोन्ही टोकं बांधायची आणि ते अमिनो आम्ल घातलेल्या मिठाच्याच पाण्यात सोडायचं. माझी अकरा आतडी फाटली. आतडी मला किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून मासळी विकायला येणारी भानूमावशी द्यायची. तिने एक काडी घेतली आणि सर्रकन आतडं उलटं केलं!

"कालेजात काय शिकवतात गो तुला?"

*

वडील बोईसरजवळ वीजकेंद्राच्या बांधकामावर होते. एका रविवारी मी त्यांना तावातावाने समजावलं, "काही प्रथिनं अदलाबदल करतात, बाबा. आतलं एक बाहेर गेलं तरच बाहेरचं एक आत!"

"कळलं," बाबा म्हणाले. "तू सासरी गेलीस की घरात सून येणार."

मी जेवले नाही. रात्रीपर्यंत.

*

अमिनो आम्ल असलं की निनहायड्रिन नावाचं रसायन जांभळं होतं. एकदा सगळ्याच नळ्या जांभळ्या झाल्या, नुसत्या पाण्याचीसुद्धा! मी शोध लागला म्हणून नाचले. सरांनी माझे हात बघितले. बोटंही जांभळी! नळ्यांत उतरला होता तो माझ्याच बोटांचा घाम.

*

दिवाळीला दोन दिवस उरले. आतला द्रव बाहेरच्यापेक्षा गडद जांभळा व्हायला हवा; तो फिकाच. मी रडकुंडीला आले. आतडी द्यायला आलेल्या मावशीने न विचारता मिठाच्या बाटलीत बोट घालून चाखलं.

"मावशी, चाखू नका!"

"थू! हे मीठ नाय. कडू हाय!"

ते पोटॅशियम क्लोराइड होतं. चिठ्ठीवर मीठ लिहिलेलं, माझ्याच वळणदार अक्षरात! आणि ही प्रथिनं तर मिठातल्या सोडियमची सोबत असल्याशिवाय अमिनो आम्लाला आत घेत नाहीत.

शेजारच्या बाटलीतलं खरं मीठ घेऊन पुन्हा सगळं मांडलं. तासाभराने आतला द्रव गडद जांभळा! सर आले, नळी उजेडात धरली.

"चूक कोणी शोधली?"

मी मावशीकडे बोट दाखवलं.

"मग टेबल यांनाच देऊ या."

मावशीने टोपली डोक्यावर घेतली. "टेबल नको वो मास्तर, बाजारात ओटा हाय माझा. तिलाच रवू द्या. मासळीची आतडी नेणारी दुसरी कोण गावंल मला?"