अठरा भरले की टोपी काढणारे मामा

आख्ख्या वऱ्हाडात कायदा दोनच माणसांना ठाऊक होता, एक जिल्ह्याचे गोरे साहेब आणि दुसरे माझ्या आईचे मावसभाऊ, म्हणजे माझे मामा. त्यातही साहेबांना जरा कमीच. चिखलीच्या कचेरीपुढे कडुनिंबाखाली बसून मामा लोकांचे अर्ज लिहीत, आणि सगळ्या जगाची त्यांनी दोन ढिगांत वाटणी केली होती. अठराच्या आतला तो अज्ञान, पुढचा तो सज्ञान. लोणचं मुरलं नसलं तरी म्हणत, "अज्ञान आहे, राहू द्या." नात्यातल्या एकूण एक लेकराची जन्मतिथी त्यांच्या वहीत. अठरा भरेपर्यंत "काऊन बे", आणि भरले त्या सकाळी टोपी काढून "तुमी". त्यांचा सख्खा धाकटा भाऊ डोळे चोळत उठला तर समोर मामा, टोपी हातात. "उठा, तोंड धुवा." बिचारा वावरात पळाला, दादाचं डोकं फिरलं म्हणून बोंबलत.

मी सहा वर्षांची असताना शेजारच्या काकूंचे जांब चोरले. जांब म्हणजे पेरू हो, आमच्याकडे जांबच म्हणतात. काकूंनी कान धरून मला निंबाखाली नेलं. मामांनी चष्मा पुसला, वही चाळली. "सातच्या खालच्या लेकराले गुन्हा लागत नाई, वैनी. सोडा कान." आणि मग माझ्याकडे वाकून हळूच, "सात पुरे व्हाले अकरा दिवस आहेत, बे." ते अकरा दिवस मी झाडावरच काढले. अजूनही दुपारी डोळा लागला की ती पानं हलतात, खाली कोणीतरी खोकतं, आणि उन्हात पिकल्या जांबांचा वास येतो.

तेरावं लागलं आणि बाबांनी माझं लग्न मलकापूरला ठरवलं. चौदाच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही असा कायदा नुकताच आला होता. नवरदेवाचा बाप सरकारी नोकर, त्याला वयाचा दाखला हवा. आता माझ्याआधी दोन वर्षं माझी एक बहीण झाली होती, ती बारशाआधीच गेली. गावच्या कोतवालाच्या जन्माच्या वहीत नाव थोडंच असतं? नुसतं 'मुलगी', आणि बापाचं नाव. बाबांनी तिचाच उतारा माझा म्हणून काढायचं ठरवलं आणि अर्ज लिहायला मामांना घरी बोलावलं.

मामांनी टाक दौतीत बुडवला, आणि तसाच ठेवून दिला.

"एकदोन वर्षानं काय फरक पडते?" बाबा म्हणाले. "पोरगी लांबट आहे, चौदाचीच दिसते."

"ज्वारीचं धांडं बी लांबट दिसते, भाऊजी. दाणा भरल्याबिगर कोणी सोंगते-कापते काय?"

"तुमाले लिहायचं नाई तर दुसरा कोणी लिहीन."

मामांनी टाक दौतीतून काढून पुसला. "ते लेकरू गेलं, भाऊजी. त्याले मांडवात काऊन उभं करता?"

दाराआड आईच्या हातातलं ताट खाली पडलं. त्या बहिणीबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे. बाबा उठून वावरात गेले. अर्ज झाला नाही, मलकापूरवाल्यांनी दुसरी मुलगी पाहिली, आणि बाबांनी मामांशी वर्षभर अबोला धरला. त्या वर्षात आईबरोबर जाऊन मी निंबाखाली बसायची. मामांच्या बिघडलेल्या अर्जांवरून अक्षरं गिरवायची. म्हणून तर आजही पत्र लिहायला घेतलं की हातून आधी 'विनंती अर्ज' उतरतं.

सोळाव्या वर्षी सुलतानपूरला दिली मला. एका सकाळी कडेवर लेक घेऊन सडा टाकत होते, तर अंगणाबाहेर बैलगाडी थांबली. मामा उतरले. त्यांनी टोपी काढली.

"नमस्कार बाई. आत येऊ काय?"

मला आधी हसू आलं. मग रडू आलं. म्हटलं, "मामा, मले तू म्हणा ना."

"तसं कसं? आज अठरा भरले तुमाले." आणि त्यांनी धोतराच्या सोग्यातून जांब काढले. "आता चोरले तर गुन्हा लागते. म्हणून घेऊन आलो."

मामांना जाऊन किती वर्षं झाली. परवा नातसुनेनं पेरू आणले, डॉक्टरांनी मला मना केलेले. एक उचलून पदराआड खाल्ला. गुन्हा लागतो की नाही, कुणाला विचारू?