महिला दुहेरीचे जाणकार

आमचे शेजारी महाडच्या कोर्टात कारकून. टेनिसची रॅकेट त्यांनी फक्त पेपरातल्या फोटोत पाहिलेली. पण विलायतेत महिला दुहेरीचे सामने लागले, की ओटीवर त्यांचं प्रवचन ठरलेलं. “काय दोघींचा मेळ! आपल्या बायकांना नाही जमायचं!”

मी मागच्या पडवीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांची बायको आणि वहिनी एकाच उखळात आळीपाळीने मुसळांनी भात कांडत होत्या. ठेका चुकत नव्हता.

“त्यात काय मोठंसं?” म्हणत त्यांनी पडवीत जाऊन वहिनीचं मुसळ घेतलं. दुसऱ्याच घावाला ते बायकोच्या मुसळावर आदळलं.

“हिचं चुकलं!” ते ओरडले.

वहिनीने मुसळ काढून घेतलं. “तुम्ही पेपरच वाचा, भावोजी. हे तांदूळ आजच रांधायचे हायत.”

दुसऱ्या दिवसापासून ओटीवर पुरुष एकेरी सुरू झाली.