पुनवेचा बांबू

विष्णू दिघे काळजी करण्यात लहानपणापासून पटाईत. वडील खालापूरच्या कचेरीत कारकून. त्यांना यायला जरा उशीर झाला की हा पोरगा दारात उभा राहून वाटेतली सगळी विघ्नं मनातल्या मनात मोजून घ्यायचा. बैल उधळला असेल, गाडी उलटली असेल. असा मुलगा पुढे पुण्याला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गेला याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. पूल पडू शकतो, हे त्याला शिकवावं लागलं नाही.

१९३५ च्या उन्हाळी सुट्टीत त्याने कॉलेजातली चार पोरं आपल्या गावी, कर्जतला आणली आणि सेवा शिबिर भरवलं. काम ठरलं पळसदरीपलीकडच्या ठाकूरवाडीला साकव बांधायचं. वाडी आणि बाजाराची वाट यांच्यामध्ये एक ओढा होता. पावसाळाभर बायकांना डोक्यावर भारा घेऊन पळसदरीच्या धरणाकडून दोन कोसांचा फेरा पडायचा. विष्णूने वहीत आकृती काढली. सहा लांब बांबू शेजारी शेजारी, मधे आधाराला दुफांगी खांबांची दोन बेळकी, हाताला कठडा. आकडेमोड करून त्याने सांगितलं, एका वेळी बारा माणसं खुशाल जातील.

वाडीचा म्हातारा पोशा बांबूच्या बेटापाशी आला, तेव्हा पोरांचे कोयते चालू झाले होते.

"दादा, पुनव दोन दिसांवर हाय. आता नको तोडू. चांदन्यात बांबूच्या अंगात गोडी चढते, मंग त्याला भुंगा लागतो. अवसेला तोड."

"पोशाबाबा, अमावास्येला अजून पंधरवडा आहे. आमचं शिबिर पंचवीस तारखेला संपतं."

"बांबूला तारीख ठावं नाय रं."

पोरं हसली. विष्णूही हसला. साकव आठ दिवसांत उभा राहिला. निघताना विष्णूने सगळ्यांना बजावलं, "गाठी कुणी सोडू नका. सगळं हिशोबाने बांधलंय. काही बदलायचं झालं तर आधी मला विचारा."

गणपतीला तो घरी आला. गौरी यायच्या त्या सकाळी मोठी बहीण द्वारका माजघर झाडताना कुरकुरली, "विष्णू, तुझा तो बांबू वलणीला लावलाय ना, रोज पिवळं पीठ सांडतंय त्यातून. धुतलेले कपडे परत झटकायचे किती वेळा?"

शिबिरातला उरलेला बांबू त्यानेच हौसेने घरी आणला होता. त्याने वर पाहिलं. बांबूला टाचणीने टोचावीत तशी बारीक भोकं पडली होती. त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं. अंगठा आत गेला.

त्याच बेटातला, त्याच दिवशी तोडलेला बांबू.

ओटीवरून आई म्हणाली, "तेरडेवाल्या अजून कशा आल्या नाहीत? दर वर्षी सातला दारात असतात. तेरड्यावाचून गौर आणायची कशी?"

तेरडा वाडीच्या बायका आणायच्या, आणि त्या आता साकवावरून येणार होत्या. विष्णूने सदरा अंगात घातला तो चालता चालता.

"अरे, चहा तरी घे," द्वारका म्हणाली.

"आलोच, ताई."

तीन मैलांच्या वाटेवर त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. बायका घोळक्याने चालतात. गप्पा मारत, एकमेकींच्या पाठोपाठ. बारा जणी चालतील, असं त्यानेच छाती ठोकून सांगितलं होतं. आतून पोखरलेला बांबू किती वजन पेलतो, याचं सूत्र त्याला काही केल्या आठवेना. वाटेत एक गाडीवान भेटला. त्याला विचारावं असं विष्णूच्या ओठांवर आलं, ओढ्यावर काही झालं का रे? पण तो 'हो' म्हणाला तर, या धास्तीने त्याने विचारलंच नाही.

ओढा दोन्ही काठ भरून चालला होता. साकव जागेवर होता. पलीकडच्या काठावर सात बायका तेरड्याचे भारे खाली ठेवून उभ्या होत्या, आणि साकवाच्या मधोमध आठवी, मंगळी, एकटीच कठडा धरून येत होती.

"थांबा," विष्णू ओरडला. "तिच्या मागे कुणी येऊ नका. बांबू किडलाय."

मंगळी अलीकडे उतरली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ठावं हाय की. म्हनून तर एकेक येतोय." मग तिने भाऱ्याला बांधून कठड्यावरून आणलेली दोरी ओढायला घेतली. तिचा भारा साकवावरून घसरत घसरत एकटाच अलीकडे आला.

बायकांना उशीर का झाला ते विष्णूला कळलं. तो साकवावर चढला. मधल्या बेळक्यापाशी पायाखालचा बांबू एवढा वाकला की चपलेला पाणी लागलं. पलीकडे पोशा कोयता घेऊन बसला होता.

"कधीपासून माहीत आहे, पोशाबाबा?"

"सरावनापास्नं."

"मग बदलला का नाही?"

"तू बोललावतास, गाठी सोडू नका, आदी मला ईचारा. तुला कुठं ईचारायचं? पुन्याला?" पोशाने कोयत्याच्या मुठीने एकेक बांबू ठोकला. दोन खणखणले. चार बद्द वाजले. "तू किती मानसं बोललास?"

"बारा."

"आता एक. आनि ती बी कोंडी नाय."

बायका खो-खो हसल्या. अंगाने चांगली भरलेली कोंडी पोशावर डाफरली, "म्हाताऱ्या, मी इथंच बसते. माझा तेरडा इकून पैसं नाय आनलं ना, तर तुझ्याच दारात येऊन जेवंन."

"आज कुणीच जाऊ नका," विष्णू म्हणाला. "धरणाकडून जा. हा आत्ता सोडून टाकू."

हसू थांबलं. जना पुढे आली. तिच्या पाठीला लुगड्याच्या झोळीत लेकरू बांधलेलं होतं.

"फिरून जाईस्तवर गावातल्या बायका गौरी घरात घेतील, दादा. मंग या तेरड्याचं काय करू? गाईला घालू? वरसातला एक दिस हाय आमचा."

तिला थांबवलं तर तिचा दिवस बुडणार, जाऊ दिलं तर कदाचित तीच. दोन्ही त्याच्याच हिशोबाचं फळ.

"जा," विष्णू शेवटी म्हणाला. "एकेक जा. येताना मात्र धरणाकडूनच या."

कोंडी मागे राहिली, बाकीची एकेक बाई गेली. विष्णू प्रत्येकीची पावलं मोजत होता. जना शेवटची.

"लेकरू माझ्याकडे दे. मी घेऊन येतो मागून."

"तू? तू तर आत्ताच लटपटतोयस."

ती मधे पोचली आणि काडकन आवाज झाला. लेकरू रडायला लागलं. जना जागच्या जागी थांबली, खाली पाहिलं नाही. कठडा सोडून दोन्ही हात पाठीमागे झोळीला लावले आणि चवड्यांवर झपाझप चार पावलांत पलीकडे गेली. तिथून वळून तिने दोरी ओढायला सुरुवात केली. जसं काही झालंच नव्हतं.

भारा पलीकडे पोचताच विष्णूने पोशाकडे हात केला. पोशाने कोयता दिला. पहिली गाठ विष्णूने तोडली. तिसरा बांबू उचलताना मधेच मोडला आणि आतलं पीठ ओढ्यात सांडलं.

"नवा कधी?" त्याने विचारलं.

"अवसेला. बावीस दिस हायेत."

"कॉलेज सोमवारी उघडतंय. पण मी येतो."

"ये. नाय आलास तरी बांबू तोडू आमी." पोशाने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. "पन तुझं घर त्या तिरावर, आनि साकव सोडलास तू या तिरावर बसून. चल, भाकर खा. मंग जा फिरून."

भाकर खाऊन विष्णू धरणाच्या वाटेने निघाला आणि पावलं मोजू लागला. एका भाऱ्याच्या बाईला किती चालावं लागणार ते त्याला नीट हवं होतं. साडेसहा हजारांपुढे वाट चिखलाची लागली. तिथे बाजारातून परतणाऱ्या बायका समोरून आल्या. त्याने आधी मोजल्या. सात. जनाने मान हलवली आणि न थांबता पुढे गेली.

घरी गौरी बसल्या होत्या. द्वारकेने त्याच्या पायांकडे पाहिलं.

"कुणी पडलं का रे?"

"नाही."

"मग तोंड असं का केलंयस?"

"सात हजार दोनशे पावलं," विष्णू म्हणाला. "एका बाजूची. अजून बावीस दिवस."