उभारणीचं जेवण

लाउस्ट मिस्तरीने डेन्मार्कच्या फ्यून बेटावर उभा जन्म घरांचे सांगाडे उभारण्यात घालवला. ओकच्या लाकडाची भिंत जमिनीवर आडवी जोडायची, मग सगळ्या गावाने मिळून ती उभी करायची. त्याची मजुरी कुणी घेत नसे. घरधन्याने जेवू घालायचं, बस्स. रायसे म्हणजे उभारणं, गिले म्हणजे मेजवानी. एकाशिवाय दुसरं कधी झालंच नाही, म्हणून लोकांच्या तोंडी दोन्ही मिळून एकच शब्द झाला: रायसेगिले.

एबे कोपनहेगनहून नवा आलेला. त्याने नव्या घराचं काम लाउस्टला दिलं, पण गावजेवण कशाला घालायचं, म्हणून भिंती उभ्या करायला शहरातून मजूर आणले. गावाला बोलावणं नाही. गाव कुंपणापाशी येऊन उभं राहिलं.

भिंत खांद्यापर्यंत आली. आता तिला खालून लांब बल्ल्यांचा टेकू द्यायचा होता. पण मजुरांना एका दमात जोर लावायची सवय नव्हती. कुणी आधी रेटी, कुणी मागून. भिंत अडली. वर जाईना, आणि सोडली तर खालची माणसं चिरडणार. मधल्या खांबाखाली लाउस्ट होता.

"मिस्तरी, जड आहे का हो?" कुंपणापलीकडून येप्पे लोहाराने विचारलं.

लाउस्टने मान एबेकडे वळवली. बोलावल्याशिवाय गावातलं कुणी हात लावणार नव्हतं. त्यांच्या जागी लाउस्टनेही लावला नसता.

"मालक, त्यांना जेवायला बोलवा."

एबे म्हणाला, हवी तर दुप्पट मजुरी देतो. कुंपणापाशी कुणी हललं नाही.

"मजुरी नको. जेवायला बोलवा. लवकर."

एक मजूर गुडघ्यावर आला. भिंत वीतभर खाली बसली.

तेवढ्यात एबेची बायको इंगेबोर्ग पिठाच्या हातांनी शेजारच्या जुन्या घरातून धावत बाहेर आली. "जेवायला या हो सगळे," ती कुंपणाकडे बघून म्हणाली. "घरात असेल ते वाढते, पण या."

येप्पेने कुंपण ओलांडलं. मागोमाग सगळे. लाउस्टने हाळी दिली, सगळ्यांनी एकदम रेटा दिला. बल्ल्या लागल्या. भिंत उभी राहिली. लाकडी खुंट्या ठोकून होईपर्यंत लाउस्टने कुणाला बसू दिलं नाही.

एबे बिअरचा तांब्या घेऊन आला. लाउस्टने तो बाजूला ठेवायला सांगितलं. समोरची भिंत अजून जमिनीवरच होती.

"कोट काढा, मालक. माझ्या शेजारी उभे राहा."

एबेने कोट काढला.