साखरपुड्यानंतर कळलेली अट

साखरपुड्याला आठवडासुद्धा झाला नव्हता, तेव्हा त्याचा फोन आला. मी शहापूरला चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोर एक काकू मशीनवर हनुवटी टेकवून बसल्या होत्या.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "मी पायलटसाठी अर्ज करतोय. पण पंचविशीच्या आतल्याचं लग्न झालेलं असेल तर चालत नाय."

माझा होणारा नवरा हवाई दलात होता, पण अधिकारी नव्हता. बारावीनंतर भरती झालेला, विमानं दुरुस्त करणारा जवान. नोकरी सांभाळत त्याने पदवी घेतली होती, एवढं मला माहीत होतं. ती कशासाठी, ते आत्ता कळत होतं.

"आणि साखरपुडा?" मी विचारलं.

"तो चालतो," तो म्हणाला. मग, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'ने माझी झोप उडवली.

घरी, सापगावला, मी बाबांना सांगितलं. बोलली ती आत्या. "साखरपुडा म्हंजे अर्धं लगीनच गो. उद्या त्यांनी इचारलं तर काय सांगनार?" मे महिन्यात विहारात लग्न लावायचं ठरलं होतं. पाहुण्यांना तोंडी आमंत्रणं गेली होती. माझ्या पाठच्या बहिणीलाही स्थळं येत होती. माझं लांबलं की तिचंही लांबणार, हे कुणी बोललं नाही, पण ती त्या दिवसापासून माझ्याशी तुटक वागायला लागली.

तो सुट्टीवर आला तसे बाबा, आत्या आणि मी त्याच्या गावी, वैशाखऱ्याला गेलो. मुलीने असं जाणं आत्याला पसंत नव्हतं. मी ऐकलं नाही. मुरबाडला गाडी बदलताना बाबा म्हणाले, "तिथं तू बोलू नको." मी मान हलवली.

चहा झाला. त्याने सगळं समजावून सांगितलं. वयात बसणारी ही शेवटची संधी. आधी युनिटची परवानगी, मग निवड मंडळ, तिथे विमान चालवायचा कल बघणारी मशीनवरची परीक्षा. ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की पुन्हा नाही. त्यातून निघालं तर मेडिकल. आणि सगळं जमलं तर ट्रेनिंग संपेपर्यंत लग्न नाही.

त्याच्या काकांनी लगेच तोड काढली. "त्यात काय? विहारात चार मानसांत लगीन लावू. नोंद मागाहून करू. कागदावर कुवारा तो कुवारा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते पटत चाललंय, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"अर्जावर सही मला करायचीय, काका," तो म्हणाला. "खोटं निघालं तर पायलट सोडा, हातची नोकरी पन जाईल."

आत्याने मग सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "आनि हापिसर झाल्यावर हिला वळखशील का?"

"काय बोलता आत्या," एवढंच तो म्हणाला. तो लाजला की दुखावला, मला कळलं नाही. पुढे कितीतरी दिवस मी त्या तीन शब्दांचा अर्थ लावत राहिले.

मी कप ठेवायला आत गेले तर त्याची आई चुलीपाशी उभी होती. तिने माझा हात धरला. "इमानं पडतात ना गो? आता तो खाली हाय, जमिनीवर हाय. तू नको म्हन. तुझं ऐकंल तो."

"ऐकेल," मी म्हटलं. "म्हणून तर बोलायची भीती वाटते, आई."

तिने हात सोडला. रागाने नाही, पण सोडला.

शेवटी बाबा थांबायला तयार झाले. परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले, "लोकांना काय सांगायचं, ते तूच ठरव."

ड्यूटीवर परतण्याआधी तो दुकानात आला. मी त्याचे डोळे तपासले. तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने घडाघडा वाचली. मग म्हणाला, "आता हे मोज." पाठ भिंतीला टेकवून तो स्टुलावर बसला. पायलटचं पाठीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर ठरावीक मापापेक्षा जास्त चालत नाही. मी टेपने मोजलं तेव्हा बसत होतं, पुन्हा मोजलं तर बसत नव्हतं. तो उंच, लांब ढांगांचा. साखरपुड्यात सगळ्यांनी त्या उंचीचंच कौतुक केलं होतं.

"काठावर आहे," मी म्हटलं.

"काठावर म्हंजे आत," तो म्हणाला.

मशीनवरच्या परीक्षेत तो पास झाला. शेजारीपाजारी मला आत्तापासूनच 'पायलटीणबाई' म्हणायला लागले. मी हसायचे. पण मेडिकलमध्ये तो पास झाला तर काय आणि नापास झाला तर काय, दोन्हींची भीती वाटायची. कुठली मोठी, ते ठरत नव्हतं.

मेडिकलनंतर फोन आला. "मांडी जास्त भरली."

"मांडी?"

"तेच माप. विमानातून सीटसकट बाहेर फेकलं जायची वेळ आली तर गुडघे पुढं आपटतील. त्यांचं बरोबर हाय." त्याचा आवाज अगदी सरळ होता. त्याची मला जास्त काळजी वाटली.

पुढच्या सुट्टीत तो शहापूरच्या एसटी स्टँडवर उतरला तो घरी न जाता थेट दुकानात आला. "बाबांना तारीख काढायला सांग," म्हणाला.

"नको," मी म्हटलं. "इतक्यात नको."

मला नीट मांडता येईना. पायलट होणं गेलं म्हणून लग्न, असं मला नको होतं. त्याने आधी घरी जावं, आईजवळ बसावं, हवं तर रडावं, एवढं कसंबसं सांगितलं.

संध्याकाळी बाबा माझ्यावर कधी नव्हे ते ओरडले. "तो थांब म्हनला तवा थांबलो, आता तू थांब म्हनतेस?"

चार दिवस त्याचा फोन नाही. मी दुकानात चुकीचे नंबर लिहिले, मालकांची बोलणी खाल्ली. पाचव्या दिवशी तो सापगावला आला. बाबांसमोर बसला, पण बोलला माझ्याशी.

"रडून झालं," तो म्हणाला. "आई पन रडली. ती आनंदानं. आता इचार, काय इचारायचं ते."

मी बाबांकडे पाहून मान हलवली. बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्यापुढे ठेवलं.