आईचं प्रोटीन बंद!

हसणार तुम्ही, माहितीये मला. पण असा घोटाळा अख्ख्या बेलापुरात दुसऱ्या कुणी केला नसेल!

आईला हल्ली विसर पडतो. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. मी हबकलोच! माझी पुतणी गार्गी मेंदूच्या पेशींवर संशोधन करते. तिला घरी बोलावलं, विचारलं, "हे होतं कशानं गं?"

"काका, पेशीत खराब प्रोटीनचा कचरा तयार होतो. तो कापणारी कात्री म्हणजे प्रोटिएज. इनहिबिटर त्या कात्रीला अडवतो. ती फारच अडली, तर कचरा साचून पेशी मरू शकते. अजून अभ्यास चालू आहे, पण..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. डोक्यात राहिलं काय? प्रोटीन, कचरा, पेशी खलास!

झालं! दुसऱ्या दिवसापासून आईची डाळ बंद, अंडी बंद, दूध बंद. ताटात नुसता भात आणि दुधी.

मग दिवाळे गावची मासेवाली हौसाबाई दारात आली. "आजीसाठी ताजं बोंबील आनलेत!"

"नको मावशी. आईचं ते सगळं संपलं आता."

"अरं देवा!" म्हणत ती टोपली उचलून गेली. मला वाटलं, गिऱ्हाईक तुटलं म्हणून हळहळली.

थोड्या वेळानं बेल वाजली. आईनंच दार उघडलं. समोर पिठलं-भाताचा डबा घेऊन शेजारच्या साळवीकाकू, मागे अख्खी विंग! आईला बघून काकू किंचाळल्याच.

"कोण गेलं गं?" आईनं विचारलं.

"तुम्हीच! हौसाबाई खाली तसं सांगून गेली," काकू पुटपुटल्या.

आईनं मात्र डब्याचा वास घेतला. "बरी आलीस बाई! हा मला नुसता दुधी घालतोय." आणि स्वतःच्याच दुखवट्याचं पिठलं ती मागून मागून जेवली!

सोसायटीच्या ग्रुपवरची 'भावपूर्ण श्रद्धांजली' कुणीतरी पुढे पाठवली, ती वाचून गार्गी रडत धावत आली. आजी जेवतेय बघून तिनं आधी आजीला मिठी मारली, मग मला धरलं. "काका, काय बंद केलंत तुम्ही?"

"प्रोटीन."

"अहो, मी प्रोटिएज म्हटलं होतं! त्याचा डाळीशी काय संबंध? खाऊ दे तिला!"

लाजेनं मान वर होईना. पण खरं सांगू? तितकंच भरूनही आलं. आईसाठी किती माणसं धावली! ही सगळी आली नसती, तर काळजीपोटी मीच आईला उपाशी ठेवलं असतं. साळवीकाकूंना हात जोडले, हौसाबाईला फोन करून बोंबील मागवले.

आई बोटं चाटत गार्गीला म्हणाली, "मी विसरते, म्हणून मला डॉक्टरकडे नेतात. हा ऐकूनच घेत नाही, याला कुठे न्यायचं गं?"